मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांत पुन्हा अंधुक दिसू लागले; मधुमेह आणि संधिवातही आहे

प्रश्न : कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील निवृत्त शिक्षिका

माझे वय 64 आहे. मला मधुमेह होऊन 21 वर्षे झाली असून गेली 6 वर्षे इन्सुलिन चालू आहे. संधिवात 9 वर्षांपासून आहे. त्यासाठी रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची 400 मिलिग्रॅमची गोळी घेते आणि सांधे फार धरले की थोडे दिवस स्टेरॉइडही घ्यावे लागते. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन गेल्या दोन तपासण्यांत वाढलेले, 1.7 आले आहे. वजन 52 किलो. हे सगळे आधीच सांगते, कारण डोळ्यांच्या दवाखान्यात साखर सोडून बाकीचे मला कोणी विचारले नाही आणि विचारले नाही म्हणून मीही सांगितले नाही.

गेल्या फेब्रुवारीत उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची फेको पद्धतीने शस्त्रक्रिया झाली. त्याआधी साखर खाली आणा म्हणून सांगितले गेल्यामुळे तीन महिन्यांत एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 9.8 वरून 7 वर आणले होते. पहिला महिना फारच आनंदात गेला. गॅलरीतून समोरच्या घराची कौले मोजता येत होती आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली बारीक अक्षरातली तिथी चष्म्याशिवाय दिसत होती. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मात्र नजरेच्या मधोमध तेलाचा थेंब पडल्यासारखे वाटू लागले. तेव्हा “पडद्याला थोडी सूज आहे” असे सांगून थेंब दिले, दोन महिन्यांत बरे वाटले आणि मी तो विषय सोडून दिला.

दिवाळीत अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालताना लक्षात आले की ठिपके सरळ ओळीत पडत नाहीत. वास्तविक ते सरळच पडले होते. मला ती ओळ मध्येच वाकलेली दिसत होती. त्यानंतर नोव्हेंबरात अंबाबाईच्या किरणोत्सवाला गेले. आजूबाजूचे लोक किरणे आता कमरेपर्यंत पोहोचली, आता वर सरकली असे सांगत होते, आणि मला तिथे उजेडाचा एक फिकट डाग तेवढा दिसत होता. तेव्हापासून मनात भीती बसली आहे. रात्री समोरून येणाऱ्या वाहनांचे दिवे फुटून पसरतात, त्यामुळे संध्याकाळनंतर मी रस्ता ओलांडत नाही.

शस्त्रक्रियेनंतर त्या डोळ्याची नजर 6/9 होती, ती आता चष्म्यासह 6/24 आहे (खालचा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी). डाव्या डोळ्यात मोतीबिंदू असून ती नजर 6/36 आहे. दुसऱ्या एका दवाखान्यात दाखवले तर “पडदा आलाय, लेझर करून टाकू” असे सांगितले. साखरेचे डॉक्टर म्हणतात की डोळ्यांचे डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात की साखर सांभाळा. आता नक्की काय बिघडले आहे, लेझर करून घ्यावे का, डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करावी की थांबावे, आणि तोपर्यंत दिवस कसे काढावेत? गेल्या आठवड्यात इन्सुलिनच्या सिरिंजवरची रेघ चुकून जवळजवळ दुप्पट मात्रा भरली होती. घरात आम्ही दोघेच असतो आणि यजमानांची नजरही माझ्याहून फार बरी नाही.

उत्तर : शाहूपुरीतील दुकानदार

बाई, काळजी करू नका. माझ्याही डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर दीड वर्षाने असेच धुरकट दिसू लागले होते. भिंगाच्या मागे जाळी आली आहे असे डॉक्टरांनी सांगितले, यॅग लेझर केले, पाच-दहा मिनिटांत काम झाले. दुखले नाही, पट्टी नाही, दुसऱ्या दिवशी दुकान उघडले. तुमचेही तेच असणार. उगाच तपासण्यांच्या मागे लागून पैसे घालवू नका, लेझर करून घ्या.

उत्तर : निवृत्त नेत्रचिकित्सा सहायक, कागल तालुका

ताई, तुमच्या मजकुरातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य रांगोळीचे आहे, आणि त्याच एका वाक्यासाठी शाहूपुरीच्या मित्रांशी मी असहमत आहे. त्यांना जे झाले ते खरेच आहे आणि वारंवार होते. पण तुम्हाला तेच झाले आहे, किंवा फक्त तेच झाले आहे, असे तुमच्या वर्णनावरून वाटत नाही.

आपल्या बोलण्यात “पडदा” हा शब्द फार घोटाळा करतो. मोतीबिंदू झाला तरी लोक पडदा आला म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर भिंगामागची पिशवी दुधाळ झाली तरी पडदा आला म्हणतात. डोळ्याच्या मागच्या दृष्टिपटलालाही पडदाच म्हणतात, आणि ते पटल सुटू लागले की रुग्ण स्वतःच “बाजूने काळा पडदा येतोय” असे सांगतो. मी अठ्ठावीस वर्षे शिबिरांमध्ये हा शब्द ऐकला, आणि कागदावर लिहिताना दर वेळी विचारावे लागले की कोणता पडदा. तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी सूज सांगितली ती दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूची, म्हणजे मॅक्युलाची असावी. दुसऱ्यांनी सांगितला तो पडदा पिशवीचा असावा. दोन्ही एकाच डोळ्यात एकाच वेळी असू शकतात.

फेको करताना आपले नैसर्गिक भिंग काढतात, पण ते ज्या पातळ पिशवीत असते ती पिशवी राखतात आणि तिच्यात कृत्रिम भिंग बसवतात. पिशवीच्या कडेला उरलेल्या पेशी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मागच्या भिंतीवर पसरल्या की ती भिंत दुधाळ होते. तेव्हा सगळेच सारखे धुरकट दिसते, वाफ धरलेल्या काचेतून पाहावे तसे, आणि रात्रीचे दिवे पसरतात. पण सरळ रेघ सरळच राहते. रेघ वाकडी दिसणे, दाराची चौकट मध्येच खचल्यासारखी वाटणे, शब्दातले एखादे अक्षर गायब होणे ही मॅक्युलाची लक्षणे आहेत. लेझरने त्या पिशवीला खिडकी पाडता येते; मॅक्युलाची सूज मात्र त्याने उतरत नाही. शिवाय यॅग लेझरनंतर क्वचित मॅक्युलाला सूज येते किंवा असलेली वाढते, आणि डोळ्यातला दाबही तात्पुरता चढू शकतो. म्हणून तुमच्यासारख्या मधुमेही रुग्णात आधी मॅक्युलाचा ओसीटी स्कॅन (उजेडाच्या साह्याने पटलाच्या थरांचे चित्र काढणारी तपासणी) आणि मगच लेझरचा निर्णय, हा क्रम मी सोडणार नाही. या तपासणीत काही टोचत नाहीत, डोळ्याला काही लागत नाही आणि ती काही मिनिटांत होते.

घरी एक गोष्ट आजच करता येईल, आणि शिक्षिकेला ती अवघड नाही. मुलांची चौकटींची गणिताची वही घ्या, पानाच्या मधोमध ठळक ठिपका काढा, वाचायचा चष्मा लावून हातभर अंतरापेक्षा थोडे जवळ धरा आणि एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने ठिपक्याकडे पाहा. मग डोळा बदला. कुठल्या चौकटी वाकतात, पुसट होतात किंवा नाहीशा होतात ते पेन्सिलीने त्याच पानावर खुणावून ठेवा आणि तारीख घाला. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले तर चांगला डोळा वाईट डोळ्याचे दोष झाकतो. पुष्कळ जण एका डोळ्याचे नुकसान महिनोन् महिने ओळखत नाहीत ते याचमुळे.

आता सुजेविषयी. शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते बारा आठवड्यांत मॅक्युलाला जी सूज येते तिला अर्विन-गॅस म्हणतात. अर्विन यांनी तिचे वर्णन 1953 मध्ये केले. ती बहुधा थेंबांनी उतरते. तुमची पहिली सूज या वेळापत्रकात बसते. दिवाळीत, म्हणजे आठ-नऊ महिन्यांनी, जे सुरू झाले ते मधुमेहामुळे होणाऱ्या सुजेसारखे जास्त वाटते, पण हे ओसीटी आणि बाहुली मोठी करून केलेल्या तपासणीशिवाय ठरवता येत नाही आणि मी इथे बसून ठरवूही नये. साखर तीन महिन्यांत वेगाने खाली आणली हेही डॉक्टरांना सांगा. फार दिवस चढलेली साखर झपाट्याने उतरली की दृष्टिपटलाचा मधुमेही विकार काही काळ उलट वाढू शकतो, हे जुने आणि चांगले नोंदलेले निरीक्षण आहे. याचा अर्थ साखर खाली आणू नये असा मुळीच नाही. त्या काळात पटलाची तपासणी अधिक वेळा व्हावी, एवढाच आहे.

तुमच्या औषधांच्या यादीत मला तीन गोष्टी खटकल्या. पहिली हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. या औषधाची रोजची मात्रा प्रत्यक्ष वजनाच्या प्रत्येक किलोमागे 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी असा संकेत आहे. तुमच्या 52 किलोला तो आकडा 260 मिलिग्रॅम होतो आणि तुम्ही 400 घेता. मूत्रपिंड कमी काम करत असेल तर औषध शरीरात साठते आणि धोका वाढतो. या औषधाने होणारी दृष्टिपटलाची इजा सुरुवातीला रुग्णाला कळत नाही आणि झालेली भरून येत नाही. म्हणून पाच वर्षांनंतर, आणि मूत्रपिंडाचा आजार असल्यास त्याआधीपासूनच, दर वर्षी ओसीटी आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी करतात. कृपया गोळी स्वतःहून बंद करू नका, सांधे भडकले तर स्टेरॉइड वाढेल आणि त्याचे डोळ्यावरचे परिणाम वेगळे आहेत. संधिवाताच्या डॉक्टरांपुढे हा हिशेब ठेवा.

दुसरी गोष्ट, साखरेच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन आहे का ते पाहा. ती शरीरात पाणी धरून ठेवते आणि काही रुग्णांत मॅक्युलाची सूज वाढवते. पायांवर सूज येत असेल तर हे अधिक महत्त्वाचे. तिसरी गोष्ट थेंबांची. मॅक्युलाच्या सुजेसाठी जे वेदनाशामक जातीचे थेंब देतात ते उपयोगाचे आहेत, पण संधिवात आणि डोळ्यांचा कोरडेपणा असलेल्या माणसाने ते देखरेखीशिवाय महिनोन् महिने चालू ठेवू नयेत. पारपटलाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला, क्वचित गंभीर इजा होते. स्टेरॉइडचे थेंब असोत की पोटातल्या गोळ्या, डोळ्यातला दाब मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. मेडिकलच्या दुकानातून जुनी चिठ्ठी दाखवून तीच बाटली पुन्हा आणण्याची आपल्याकडची सवय याबाबतीत घातक आहे.

डाव्या डोळ्याविषयी साधा नियम असा की आधी दृष्टिपटल स्थिर करावे आणि मग मोतीबिंदू काढावा. अपवाद एकच: मोतीबिंदू इतका दाट असेल की मागचे पटलच दिसत नाही आणि उपचार करता येत नाहीत, तर तो आधी काढावा लागतो. 6/36 ला तसे असेलच असे नाही. शस्त्रक्रिया ठरली तर भिंगाचा नंबर मोजण्यापूर्वी डोळ्यांच्या कोरडेपणावर उपचार करून घ्या, कारण कोरड्या पारपटलावर घेतलेले माप चुकते. आणि कोणी महागडे मल्टिफोकल भिंग सुचवले तर मॅक्युलाची अडचण आहे हे स्पष्ट सांगा. ते भिंग उजेड विभागते आणि ज्याचे मॅक्युला दुबळे आहे त्याला त्यातून आणखी फिके दिसते.

हे सगळे सावकाश, पंधरा दिवसांत करण्यासारखे आहे. परंतु डोळ्यात विजा चमकल्यासारखे दिसले, एकाएकी खूप काळे ठिपके तरंगू लागले, बाजूने सावली सरकत आली, किंवा डोळा लाल होऊन दुखत दुखत नजर गेली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, मग रविवार असो की त्र्यंबोली यात्रेचा दिवस.

उत्तर : गडहिंग्लजकर

काकू, माझ्या वडिलांना मधुमेही मॅक्युलाची सूज आहे आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस आहे, त्यामुळे वरच्या उत्तरातील पुढचा भाग, म्हणजे ओसीटीनंतर काय होते, तो मी अनुभवाने सांगू शकतो.

डॉक्टरांनी डोळ्यात सुई देण्याचे सांगितले तेव्हा वडील दोन दिवस जेवले नाहीत. प्रत्यक्षात थेंब टाकून डोळा बधिर करतात, मग आयोडीनच्या द्रावणाने धुतात, आणि संध्याकाळपर्यंत जी चुरचुर होते ती त्या आयोडीनचीच असते. सुई कळतही नाही. दुसऱ्या दिवशी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रक्ताचा ठिपका दिसला तर घाबरू नका, तो आठवडाभरात जातो. पहिल्या काही सुया महिन्या-महिन्याने असतात आणि नंतर ओसीटी पाहून अंतर वाढवतात. औषधांमध्ये बेव्हासिझुमॅब हे इतरांपेक्षा बरेच स्वस्त असते. ते मुळात कर्करोगाचे औषध आहे आणि एका बाटलीतून छोट्या मात्रा काढून वापरतात. म्हणून ते कुठे आणि कसे भरले जाते हे विचारायला संकोच करू नका. रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबर्सेप्ट ही याच कामाची दुसरी औषधे. काहींना स्टेरॉइडचे रोपण करतात. त्याने साखर गोळ्यांइतकी चढत नाही, पण डोळ्याचा दाब चढू शकतो. गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल तर सुईच्या आधी ते आवर्जून सांगा.

आमची चूक सांगतो. दोन सुयांनंतर वडिलांना चांगले दिसू लागले आणि त्याच सुमारास उसाची तोड आली. टोळी मिळाली आहे, ऊस आधी जाऊ दे, असे करत चार महिने गेले. परत दाखवले तेव्हा नजर 6/60 होती. पुढे पाच सुया झाल्यावर ती 6/24 पर्यंत आली आणि तिथेच थांबली. पहिल्या वेळची 6/12 पुन्हा मिळाली नाही. सूज फार दिवस राहिली की तिच्याखालच्या पेशी मरतात आणि मग सूज उतरली तरी उपयोग थोडाच होतो, हे आम्हाला नंतर समजावून सांगण्यात आले. सांगणाऱ्याने ते आधी सांगायला हवे होते, आणि आम्हीही ते आधी विचारायला हवे होते.

एक व्यवहाराची गोष्ट. आम्ही आता एकाच मोठ्या कागदावर तीन रकाने केले आहेत: मूत्रपिंड, साखर, डोळे. प्रत्येक डॉक्टरांकडे तोच कागद नेतो आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवतो. अंगात पाणी साठले की डोळ्याची सूज वाढते हे डायलिसिसच्या डॉक्टरांना माहीत होते, पण वडिलांच्या डोळ्यात सूज आहे हेच त्यांना माहीत नव्हते. तो कागद पाहून त्यांनी कोरडे वजन, म्हणजे डायलिसिसने जादा पाणी काढून जिथपर्यंत आणायचे ते वजन, अर्ध्या किलोने कमी केले. सुईची तारीख डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी घेतो, कारण त्याच दिवशी दोन्ही केले तर माणूस पार गळून जातो. मिरजेला जायचे असले तर कोल्हापुराहून पन्नासेक किलोमीटर आहे आणि बाहुली मोठी केलेल्या डोळ्याने एकट्याने एसटीत चढणे धोक्याचे आहे. सोबतीचा माणूस तारखेसोबतच ठरवा.

उत्तर : राजारामपुरीतील गृहिणी, वय 58

बाई, माझा एक डोळा मधुमेहाने पूर्ण गेला आहे आणि दुसऱ्याची नजर 6/36 आहे. वरच्या दोघांनी उपचाराचे सांगितले, म्हणून मी फक्त तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे, दिवस कसे काढावेत याचे, उत्तर देते.

सर्वांत आधी इन्सुलिन, कारण चुकीची रांगोळी पुसता येते, चुकीची मात्रा काढून घेता येत नाही. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिटचे असते आणि पेनमधले 100 युनिटचे. 40 च्या सिरिंजचे टोपण लाल असते आणि 100 च्या सिरिंजचे केशरी. अंधुक नजरेला लाल आणि केशरी हे जवळजवळ एकच दिसतात, म्हणून घरात एकाच प्रकारच्या सिरिंज ठेवा आणि दुसऱ्या प्रकारची असेल तर आजच काढून टाका. पेनमधले इन्सुलिन सिरिंजने कधीही ओढू नका. डॉक्टरांना विचारून पूर्णपणे पेनवर जाता आले तर उत्तम. पेन फिरवताना प्रत्येक युनिटला टक् असा आवाज होतो आणि बोटालाही कळतो. मी डोळे मिटून चौदा टक् मोजते, मग भिंगाखाली आकडा पाहते. सकाळच्या आणि रात्रीच्या पेनला वेगवेगळ्या जाडीचे रबर गुंडाळून ठेवले आहे. आकडा बोलून सांगणारा ग्लुकोमीटरही मिळतो.

क्रिएटिनिन वाढलेले असताना इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते आणि साखर अचानक उतरते. रात्री हात थरथरले तर डबा शोधावा लागू नये म्हणून उशाशी खडीसाखरेची डबी एकाच जागी असते आणि तिला घरात कोणी हात लावत नाही. नातवंडांनी ती एकदा रिकामी केली होती. तेव्हापासून त्यांच्यासाठी वेगळी डबी ठेवली आहे.

उजेडाविषयी माझा अनुभव असा की छताचा दिवा वाढवून फायदा कमी होतो आणि चकाकी वाढते. वाचायच्या जागी मान वळवता येणारा टेबलाचा दिवा खांद्यामागून, कागदावर पडेल असा ठेवावा. बाहेर जाताना रुंद काठाची टोपी आणि फिकट पिवळसर काचेचा चष्मा मला उपयोगी पडला. गडद काळा गॉगल घातला की जिना दिसेनासा होतो. घरातल्या शहाबादी फरशीच्या पायऱ्यांना कडेने पिवळी पट्टी चिकटवून घेतली आहे. अंबाबाईच्या देवळात काळ्या दगडाची पायरी काळ्याच दगडावर असते, तिथे मात्र कोणाचा तरी हात धरण्याला पर्याय नाही, आणि त्यात मला आता कमीपणा वाटत नाही. पांढऱ्या ताटात भात दिसत नाही म्हणून स्टीलचे ताट, आणि दूध गडद रंगाच्या कपात. पायांची संवेदना कमी असेल तर कोल्हापुरी चप्पल, कितीही आपली असली तरी, ओल्या रस्त्यावर नको. मागून पट्टा असलेली मऊ पादत्राणे बरी.

नोटांसाठी रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये मनी नावाचे ॲप काढले आहे, ते मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट कितीची आहे ते मराठीतही बोलून सांगते आणि त्याला इंटरनेट लागत नाही. लक्ष्मीपुरीत भाजी घेताना मोबाईल काढणे जमत नाही, तेव्हा नोटेच्या कडेच्या उठावदार तिरक्या रेघा बोटाने मोजते: 100 च्या नोटेला चार, 500 च्या नोटेला पाच. जुन्या मळक्या नोटांवर त्या कळत नाहीत हेही खरे. मोबाईलमधले टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचे वाचून दाखवणारी सोय, शिकायला मला दोन महिने लागले आणि मध्ये दोनदा मी तो फोन भिरकावणार होते. आता बँकेचे संदेश मी कोणाकडून वाचून घेत नाही.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याचे तुम्ही विचारले नाही, तरी सांगते. 2016 च्या कायद्यात अल्पदृष्टी मोजताना दोन्हींपैकी चांगला डोळा, तोही योग्य चष्मा लावून, धरतात आणि ती 6/18 पेक्षा कमी असावी लागते. तुमचे उपचार अजून बाकी आहेत, त्यामुळे आत्ताच धावपळ करू नका. उपचारांनंतर गरज पडली तर स्वावलंबन या संकेतस्थळावर अर्ज करून शासकीय रुग्णालयात तपासणी होते.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर, तीन आठवड्यांनंतर

सर्वांचे आभार. चौकटींच्या वहीत उजव्या डोळ्याने ठिपक्याच्या डाव्या अंगाच्या सात-आठ चौकटी चेंबलेल्या दिसल्या. ते पान आणि तीन रकान्यांचा कागद घेऊन गेले, आणि प्रथमच एका डॉक्टरांनी माझ्याशी वीस मिनिटे बोलून माझी सगळी औषधे एकत्र वाचली.

ओसीटीत उजव्या मॅक्युलाला सूज निघाली आहे आणि ती मधुमेहाची आहे असे त्यांचे मत पडले. पिशवीवर जाळीही आहे, पण ती थोडी आहे. सूज उतरल्यावर गरज वाटली तरच लेझर करू असे ठरले. म्हणजे शाहूपुरीचे दादाही अगदी चुकले नव्हते. डोळ्याचा दाब वाढलेला, 24 निघाल्यामुळे स्टेरॉइडचे थेंब थांबवले आहेत. माझ्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन होते आणि मला ते नावही माहीत नव्हते. साखरेच्या डॉक्टरांनी ते बंद करून इन्सुलिन दोन युनिटने वाढवले. संधिवाताच्या डॉक्टरांनी वजनाचा हिशेब पाहून हायड्रॉक्सीक्लोरोक्विन 200 वर आणले आहे. दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली. त्या औषधाची खूण अजून दिसत नाही, परंतु सूज असल्यामुळे ती तपासणी सहा महिन्यांनी पुन्हा करायची आहे. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया उन्हाळ्यापर्यंत पुढे ढकलली आहे.

पहिली सुई झाली. आयोडीनची चुरचुर खरेच संध्याकाळपर्यंत होती, पण जेवण मात्र मी सोडले नाही. एक शंका राहिली आहे: सुईनंतर दोन दिवस डोळ्यासमोर एक काळा गोल बुडबुडा खाली तरंगत होता आणि मग गेला. हे सांगण्यासारखे होते का?

उत्तर : निवृत्त नेत्रचिकित्सा सहायक, कागल तालुका

ताई, तो बहुधा सुईबरोबर गेलेला हवेचा बुडबुडा होता, लहान होत होत एक-दोन दिवसांत नाहीसा होतो. तरी पुढच्या भेटीत सांगा आणि कागदावर लिहून ठेवा. ठिपके वाढत गेले, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून डोळा लाल होऊन दुखू लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि इन्सुलिनचे पेन झाले का?

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

झाले. सोळा टक्. यजमानही शेजारी बसून मोजतात आणि आमचे आकडे जुळल्याशिवाय मी टोचत नाही. पुढची सुई 14 तारखेला आहे, भाचा रजा काढून सोबत येणार आहे.